वैनगंगेकाठचा जपानी मोगली

1993 च्या सुमारास दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ लागायचं, तेव्हा भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यांत टीव्ही मोजक्याच घरी होते. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या छपरीत आळीतली सगळी पोरं. ती पोरं आता चाळिशीला आली. शीर्षकगीत त्यांना अजून तोंडपाठ आहे आणि नाना पाटेकरांच्या आवाजातला शेरखान वाघ कानातून गेलेला नाही. पण ही मालिका कुठली, असं त्यांना विचारलं तर कुणी ‘आपलीच’ म्हणतं, कुणी ‘अमेरिकेची, डिस्नेची’ म्हणतं. ती जपानची आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

‘जंगल बुक : शोनेन मोगली’ हे तिचं मूळ नाव. तोक्योतल्या निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने ती बनवली आणि फुमिओ कुरोकावा यांनी दिग्दर्शित केली. ऑक्टोबर 1989 ते ऑक्टोबर 1990 या काळात ती टीव्ही तोक्यो वाहिनीवर दाखवली गेली. एकूण भाग 52. जपानी चित्रमालिकांना जगभर ॲनिमे म्हणतात. आजच्या मुलांना डोरेमॉन, शिनचॅन, पोकेमॉन हे ॲनिमे म्हणून माहीत आहेत. मोगली मात्र त्या यादीत कुणी धरत नाही. जपानमध्येही ॲनिमेच्या इतिहासात तिची गणना मोठ्या नावांत होत नाही. तिला खरं घर मिळालं ते भारतात, आणि इथे तिचा जन्मदाखला कुणी मागितला नाही.

पुढच्या पानांत या मालिकेची ओळख करून दिली आहे: तिची पात्रं, तिच्यातले प्रसंग, तिच्यामागचं मूळ पुस्तक आणि त्याच्याही मागचं जंगल. वाचक डोळ्यांपुढे ठेवले आहेत ते लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरी (मोठी) आणि आसपासच्या गावांतली शाळकरी मुलं-मुली. त्याला कारण आहे. मोगलीची गोष्ट ज्या नदीकाठी घडते ती वैनगंगा. तीच नदी भंडारा शहराला वळसा घालून, पवनीवरून, लाखांदूर तालुक्याच्या शिवेला लागून खाली जाते. जपानी चित्रकारांनी रंगवलेल्या त्या जंगलाचं पाणी दिघोरीच्या पोरांच्या ओळखीचं आहे. मुंबई-पुण्याच्या मुलाला मोगलीचं रान दूरचं वाटलं तर चालेल. इथल्या मुलाला ते दूरचं वाटण्याचं कारण नाही.

आधी या मालिकेचं कुळ पाहू. एक मूल आणि त्याच्या जोडीला एक विलक्षण प्राणी, हा जपानी बालमालिकांचा फार आवडता साचा. ओसामु तेझुका यांची पांढऱ्या सिंहाच्या छाव्याची ‘जंगल तैतेई’ 1965 मध्ये आली आणि प्राण्यांच्या राज्यात नीती-अनीतीचे प्रश्न घालून गेली. पुढे या प्राण्यांचे अक्राळविक्राळ जीव झाले. सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. त्या नादातून पोकेमॉनचा खेळ 1996 मध्ये जन्मला आणि मालिका 1997 मध्ये सुरू झाली. 1999 मध्ये ‘डिजिमॉन ॲडव्हेंचर’ आली. तिच्यात उन्हाळी शिबिरातून दुसऱ्याच जगात ओढली गेलेली मुलं आहेत आणि प्रत्येकाला एक राक्षसी सोबती मिळतो. त्याच वर्षी ‘मॉन्स्टर रँचर’ही आली. गेंकी नावाचा मुलगा खेळाच्या जगात पोचतो आणि मोच्ची, सुएझो, गोलेम अशा विचित्र जिवांना बरोबर घेऊन फिनिक्स पक्ष्याच्या शोधात निघतो. आपल्याकडे तिची आठवण काढणारे शोधावे लागतील. 2003 च्या ‘गॅश बेल’मध्ये राक्षसांच्या जगातली 100 लेकरं राजा होण्यासाठी लढतात आणि प्रत्येकाला मंत्रांचं पुस्तक वाचणारा एक माणूस जोडीला लागतो.

या मालिका एकमेकींच्या शेजारी ठेवल्या की एक प्रश्न पुढे येतो. जोडीतलं मोठं कोण? पोकेमॉनमध्ये प्राणी पकडायचा, चेंडूत ठेवायचा, तालमीत घालायचा आणि लढाईला काढायचा. मुलगा कितीही प्रेमळ असला तरी तो धनी आहे. डिजिमॉनमध्ये नातं बरोबरीचं होतं. मुलाच्या मनाला बळ आलं की सोबत्याचं रूप पालटतं, म्हणजे दोघं एकमेकांवर अवलंबून असतात. मोगलीच्या मालिकेत हे नातं पार उलटं आहे. इथे मूल सर्वांत दुबळं आहे. त्याला नखं नाहीत, सुळे नाहीत, अंगावर केस नाहीत. त्याला लांडग्यांनी वाढवायचं, अस्वलाने शिकवायचं, काळ्या बिबट्याने राखायचं आणि अजगराने चार गोष्टी समजावून सांगायच्या. प्राणी मोगलीच्या मालकीचे नाहीत. मोगलीच त्यांच्या कळपाचा आहे आणि कळपाचे कायदे त्यालाही लागू आहेत.

ही मालिका नव्याने पाहायला हवी असं मला वाटतं ते या एका गोष्टीसाठी. प्राण्याला सोबती मानणाऱ्या मालिका पुष्कळ आहेत. प्राण्याला गुरू मानणाऱ्या थोड्या. आणि ज्या गावाच्या शिवारात अस्वल, रानडुक्कर, बिबट्या आणि अधूनमधून वाघ खरोखर येतो, त्या गावच्या मुलाला या दोन प्रकारांतला फरक कळणं फार गरजेचं आहे.

आता मूळ पुस्तकाकडे येऊ. रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म 30 डिसेंबर 1865 रोजी मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात झाला. वडील जॉन लॉकवुड किपलिंग तिथे शिकवत. लहानग्या रुडयार्डला सांभाळायला आया होती आणि घरातली नोकरमाणसं होती. त्यांच्याकडून ऐकलेल्या गोष्टी आणि गाणी त्याच्या कानात राहिली. आईबापांशी इंग्रजीत बोलायची त्याला आठवण करून द्यावी लागे, असं त्याने पुढे आत्मचरित्रात लिहिलं आहे. मोगलीच्या कथा मात्र त्याने अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, बर्फाने वेढलेल्या घरात बसून लिहिल्या. ‘द जंगल बुक’ 1894 मध्ये आणि ‘द सेकंड जंगल बुक’ 1895 मध्ये प्रसिद्ध झालं.

ज्या शिवनी जिल्ह्याच्या डोंगरात त्याने लांडग्यांची गुहा ठेवली ते जंगल त्याने स्वतः पाहिलेलं नव्हतं. पहिल्या कच्च्या लेखनात तर ही गुहा राजस्थानातल्या अरवलीत होती. नंतर ती सातपुड्याच्या कुशीत आली. तिथलं रान त्याला पुस्तकांतून मिळालं. रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल या इंग्रज अधिकाऱ्याने शिवनीच्या जंगलातल्या मुक्कामांवर 1877 मध्ये पुस्तक लिहिलं होतं आणि 1884 मध्ये हिंदुस्थानातल्या सस्तन प्राण्यांवर दुसरं. लांडग्यांनी वाढवलेल्या मुलांच्या हकिकती विल्यम स्लीमन याने 1852 मध्ये छापल्या होत्या. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून शाळेच्या पुस्तकात ज्याचं नाव येतं, तोच हा स्लीमन. किपलिंगच्या वडिलांचंही हिंदुस्थानातले प्राणी आणि माणसं यांच्यावरचं पुस्तक 1891 मध्ये आलं होतं. घरबसल्या जंगल उभं करायला एवढी शिदोरी किपलिंगला पुरली.

पहिल्याच कथेत तो सांगतो की शेरखान वैनगंगेकाठी, लांडग्यांच्या गुहेपासून 20 मैलांवर राहतो. म्हणजे सुमारे 32 किलोमीटर. वैनगंगा शिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटातून वळसा घेत महाराष्ट्रात उतरते, भंडाऱ्यातून पुढे चंद्रपूर-गडचिरोलीच्या मधून जाऊन वर्धेला मिळते आणि दोघींची प्राणहिता होते. शिवनीच्या रानातून वाहणारी पेंच नदी कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला. मोगलीच्या जंगलाचा पाऊस असा वाटेवाटेने भंडाऱ्यातच येतो. 1988 मध्ये पायाभरणी झालेलं गोसीखुर्द धरण पवनीजवळ याच पाण्यावर उभं आहे.

किपलिंगच्या दुसऱ्या पुस्तकात या नदीला स्वतःची एक कथाच आहे. पाऊस लांबतो, मोहाचं झाड फुलत नाही, तळी आटतात, वैनगंगेची धार बारीक होते आणि पात्राच्या मधोमध एक खडक उघडा पडतो. तो दिसला की म्हातारा हत्ती पाण्याचा तह पुकारतो. मग हरीण आणि वाघ एकाच धारेला पाणी पितात आणि तिथे शिकार करणारा जंगलाचा अपराधी ठरतो. पहिल्या वाघाच्या अंगावर पट्टे कसे आले, ते हत्ती त्याच रात्री सगळ्यांना सांगतो. आपल्याकडे वैशाखात तलावांचे तळ फुटतात आणि बुद्धपौर्णिमेच्या रात्री अभयारण्यांतल्या पाणवठ्यांवर मचाणं बांधून माणसं प्राणी मोजायला बसतात. ज्याने ती रात्र जागून काढली आहे त्याला किपलिंगचा हा तह निव्वळ कल्पना वाटणार नाही. पाणी एकाच जागी उरलं की सगळ्यांना तिथे यावंच लागतं आणि प्रत्येक जनावर दुसऱ्याचा अंदाज घेत पाण्याला तोंड लावतं.

जपानी मालिकेने या सामग्रीचं काय केलं? मूळ मोगलीच्या कथा संख्येने थोड्या. त्यांतून 52 भाग काढायचे तर पात्रं आणि प्रसंग वाढवणं भाग होतं. किपलिंगच्या पुस्तकात मोगलीच्या लांडगा-बापाला नाव नाही. मालिकेत तो अलेक्झांडर आहे, आई लूरी आहे आणि भावंडं आक्रू व सूरा आहेत. मोगली त्यांच्यात नुसता राहत नाही, त्यांच्याशी भांडतो, रुसतो, त्यांच्या खोड्या काढतो. जपानी बालमालिकांची ही जुनी हातोटी आहे. साहस दाखवण्याआधी घर दाखवायचं. निप्पॉन ॲनिमेशनने पाश्चात्य बालसाहित्यातल्या कितीतरी कथा याच पद्धतीने रंगवल्या. आपल्या दूरदर्शनवर हिंदीत दाखवलेली ‘ॲलिस इन वंडरलँड’ही त्यांचीच.

मालिकेने मोगलीच्या हातात बूमरँग दिलं. किपलिंगच्या पुस्तकात ते कुठेही नाही आणि सातपुड्यातही कुणी ते वापरत नाही. तरी नव्वदच्या दशकातल्या पोरांनी पुठ्ठ्याची, फळीच्या तुकड्यांची बूमरँगं करून माळावर फेकली. ती परत मात्र आली नाहीत. दुसरी भर म्हणजे किची नावाचं लाल पांडाचं पिल्लू. ते अनाथ आहे, भित्रं आहे आणि पाहणाऱ्या लहानग्यांना त्याच्यातच आपण दिसतो. लाल पांडा हिमालयातला. वैनगंगेच्या खोऱ्यात तो औषधालाही सापडायचा नाही. मुलांना हे स्पष्ट सांगायला हवं, म्हणून पुढे प्राण्यांच्या प्रकरणात प्रत्येक पात्राशेजारी तो प्राणी आपल्या भागात आढळतो की नाही याची नोंद दिली आहे.

पण एका बाबतीत जपानी मंडळी मूळ पुस्तकाशी डिस्नेपेक्षा जास्त प्रामाणिक राहिली. डिस्नेच्या 1967 च्या चित्रपटात ‘का’ हा अजगर लबाड शत्रू झाला आणि माकडांचा राजा म्हणून एक ओरांगउटान आणून बसवला. ओरांगउटान हिंदुस्थानात नाही आणि किपलिंगमध्येही नाही. जपानी मालिकेतला अजगर मात्र पुस्तकातल्यासारखाच वडीलधारा आहे. तो भीतिदायक आहे आणि भला आहे. ज्याची भीती वाटते तो वाईटच असतो असं नाही, एवढी साधी गोष्ट मुलांना पटवणारं पात्र बालमालिकांत क्वचित भेटतं. शिवारात अजगर निघाला की काठ्या घेऊन धावणाऱ्या गावात तर हे पात्र जपून ठेवण्याजोगं आहे.

हिंदी रूपाचं श्रेयही मोठं. शीर्षकगीत गुलजारांनी लिहिलं आणि चाल विशाल भारद्वाज यांची. शेरखानला आवाज देणारे नाना पाटेकर मूळचे मुरूड-जंजिऱ्याचे. त्यांचा वाघ उगाच गर्जना करत नाही. तो दबक्या आवाजात, शब्द चावत बोलतो आणि त्यामुळे जास्त भीती वाटते. 2016 मध्ये डिस्नेचा नवा ‘जंगल बुक’ चित्रपट आला, तेव्हा हिंदी आवृत्तीत शेरखानचा आवाज पुन्हा नानांनीच दिला आणि ते जुनं गाणंही नव्याने वाजवलं गेलं. अमेरिकी चित्रपट भारतात विकायला जपानी मालिकेची आठवण कामी आली. एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीत सगळे घरी अडकले असताना दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखवायला घेतली, तेव्हा आईबापांनी आपल्या लेकरांना शेजारी बसवून ती पाहिली.

आता दिघोरीच्या शिवाराकडे वळू. मालिकेतला बल्लू गलेलठ्ठ, प्रेमळ मास्तर आहे. आपल्या रानातलं अस्वल काळं, झिपऱ्या केसांचं, वारुळं फोडून वाळवी खाणारं आणि मोहफुलांचं वेडं. मोहफुलं गळायला लागली की बाया-माणसं पहाटेच टोपल्या घेऊन निघतात आणि त्याच वेळी त्याच झाडाखाली अस्वलही येतं. त्याची नजर अधू, म्हणून माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही आणि कळलं की ते घाबरून अंगावर येतं. पुढे तेंदूपत्त्याचा हंगाम, तेव्हाही हेच. बल्लूवर प्रेम करायला हरकत नाही. फक्त मोहाखालच्या अस्वलाला बल्लू समजू नये.

किपलिंगच्या एका कथेत दक्षिणेकडून रानकुत्र्यांची टोळी चालून येते आणि मोगली तिला फसवून वैनगंगेच्या घळीत, मधमाश्यांच्या तोंडी देतो. ही रानकुत्री नागझिऱ्याच्या जंगलात आजही आहेत. तांबूस अंग, काळं झुपकेदार शेपूट आणि एकमेकांना शीळ घालत केलेली शिकार. किपलिंगने त्यांना लुटारू टोळी म्हणून रंगवलं. जंगलाचे जाणकार त्यांना कुटुंबवत्सल मानतात, कारण शिकार झाल्यावर टोळी पिल्लांना आधी खाऊ देते. एकच प्राणी गोष्टीत एक आणि रानात दुसरा असतो, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही.

आणि वाघ. डिसेंबर 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. त्यातलं कोका अभयारण्य भंडारा जिल्ह्यात येतं. पवनीच्या बाजूला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. नागझिऱ्यातून तिथे चालत गेलेला ‘जय’ नावाचा वाघ देशभर गाजला आणि 2016 मध्ये कायमचा दिसेनासा झाला. कान्हा, पेंच आणि ताडोबा या मोठ्या जंगलांना जोडणारा मधला दुवा म्हणजे हा सगळा पट्टा. मे 2023 मध्ये ब्रह्मपुरी भागातल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या, त्या हा दुवा भक्कम व्हावा म्हणून. जंगलाच्या नकाशात पाहिलं तर शेरखानचा मुलूख आणि आपला मुलूख एकच आहे.

म्हणूनच या भागात शेरखानची गोष्ट हलक्या आवाजात सांगता येत नाही. गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा या तीन जिल्ह्यांत फिरणाऱ्या सीटी-1 नावाच्या वाघाने 13 माणसं मारली. लाखांदूर तालुक्याच्या जंगलातही त्याचा वावर होता. ऑक्टोबर 2022 मध्ये त्याला वडसा भागात बेशुद्ध करून पकडलं आणि नागपूरच्या गोरेवाड्याला नेलं. ज्या घरातलं माणूस सरपणाला किंवा गुरांमागे गेलं आणि परतलं नाही, त्या घरातल्या लेकराला ‘वाघ आपला मित्र’ हे वाक्य ऐकवणं क्रूरपणाचं आहे. तसंच ‘वाघ म्हणजे राक्षस’ हेही त्याच्या मनात रुजवून चालणार नाही, कारण त्याला पुढची पन्नास-साठ वर्षं याच जंगलाशेजारी काढायची आहेत.

किपलिंगने इथे एक शहाणपणाची गोष्ट लिहून ठेवली आहे. त्याचा शेरखान जन्माचा लंगडा आहे, म्हणून रानातली चपळ शिकार सोडून तो गावची गुरं मारतो. जंगलाचा कायदा माणसाची शिकार करू देत नाही. त्यामागचं कारण दयेचं नाही, व्यवहाराचं आहे. माणूस मारला की बंदुका, मशाली आणि ढोल घेऊन माणसं रानात येतात आणि मग सगळ्याच प्राण्यांना भोगावं लागतं. एका वाघाच्या वागण्याचा भुर्दंड अख्ख्या जंगलाला पडतो. वनखात्यातला कोणताही अनुभवी माणूस आज वेगळ्या शब्दांत हेच सांगेल.

मोगली कळपात कसा घेतला गेला, तेही इथल्या मुलांनी मुद्दाम लक्षात ठेवावं. पुस्तकात लांडग्यांच्या सभेत त्याच्यासाठी दोघांनी बोलणं जरुरीचं असतं. एक बल्लू बोलतो. दुसरा काळा बिबट्या बघीरा, आणि तो मोगलीच्या बदल्यात नुकताच मारलेला एक बैल कळपाला देऊ करतो. बैलाच्या मोलावर जीव वाचला म्हणून मोगलीने जन्मभर गुरांना मारायचं नाही आणि त्यांचं मांस खायचं नाही, असं बंधन त्याच्यावर येतं. पुढे गावात आल्यावर तो गुराखी होतो आणि म्हशींच्या कळपाच्या जोरावरच शेरखानचा निकाल लावतो. मालिकेत हा सामना कसा येतो ते इथे सांगून मजा घालवत नाही.

ही बैलाची बाब वाचताना झाडीपट्टीच्या माणसाला आपला तान्हा पोळा आठवल्याशिवाय राहणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भातली लहान मुलं लाकडी नंदी सजवून, दोरी धरून दारोदार फिरतात आणि घरोघरी बोजारा घेतात. दिवाळीत गायगोधनाला गोवारी बांधव गुरांना ओवाळतात आणि पाठोपाठ गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटकं चालतात. रानाच्या कडेला वाघोबाचं ठाणं असतं. तिथे नारळ फोडताना मागणं एवढंच असतं की तू तुझ्या वाटेने जा, आम्हाला आमच्या वाटेने जाऊ दे. जनावराशी नातं जोडायची आणि त्याच्यापासून अंतरही राखायची रीत या मुलखाला कुणी टीव्हीवरून शिकवलेली नाही. जपानी मालिका इथे रुजली, त्याचं एक कारण मला हे दिसतं की तिच्यासाठी जमीन आधीच तयार होती.

दोन आक्षेप मात्र झाकून ठेवता येत नाहीत. पहिला किपलिंगवरचा. तो साम्राज्याचा भाट होता आणि हिंदुस्थानी माणसाला राज्य करता येणार नाही अशी त्याची धारणा होती. मोगलीच्या कथांतही गावकरी बहुधा अंधश्रद्धाळू आणि भेकड आहेत, गावचा शिकारी बुलदेव थापाडा आहे. जंगलातले प्राणी शहाणे आणि जंगलाकाठची माणसं मूर्ख, हा त्याचा हिशेब आपण मान्य करायचं कारण नाही. मोहफूल कधी गळतं, अस्वल कोणत्या वाटेने येतं, तलावात कोणता पक्षी कधी उतरतो, हे याच माणसांना ठाऊक असतं. मारुती चितमपल्लींसारख्या वनाधिकारी लेखकाने नवेगावबांधला माधवराव पाटील डोंगरवार यांच्याकडून आणि तलावाकाठच्या माणसांकडून जंगल शिकून घेतलं, आणि ते ऋण आपल्या लेखनात मोकळेपणाने मान्य केलं. मोगली वाचून झाल्यावर मुलांच्या हाती ‘नवेगावबांधचे दिवस’ द्यावं, असं मी म्हणतो ते यासाठी. किपलिंगने न पाहिलेलं जंगल लिहिलं. चितमपल्लींनी पायाखालचं लिहिलं.

दुसरा आक्षेप मालिकेवरचा. तिच्यात चांगले प्राणी आणि वाईट प्राणी अशी वाटणी आहे. तबाकी कोल्हा लाळघोट्या, माकडं बेशिस्त, वाघ दुष्ट. खऱ्या जंगलात कुणी दुष्ट नसतं, जो तो आपलं पोट भरत असतो. पण गोष्टीला खलनायक लागतो, तो वाघाच्या वाट्याला आला. मुलं सात-आठ वर्षांची झाली की त्यांना हा फरक सांगता येतो आणि समजतोही. त्यासाठी मालिका दाखवायचीच नाही, हा उपाय मला पटत नाही. दाखवावी आणि नंतर बोलावं.

या पुस्तिकेची मांडणीही त्याच हेतूने केली आहे. पहिल्या भागात मालिकेची आणि मूळ कथांची ओळख आहे. दुसऱ्या भागात एकेक पात्र घेऊन मालिकेतला प्राणी आणि आपल्या रानातला प्राणी शेजारी-शेजारी ठेवले आहेत. तिसऱ्या भागात जपानच्या इतर जोडीदार-मालिका येतात. मुलं त्या पाहतातच, तर थोडं समजून पाहतील. प्रत्येक प्रकरणाखाली काही प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं पुस्तिकेत नाहीत. ती घरातल्या आजीला, गुराख्याला, ढिवराला, वनरक्षकाला विचारायची आहेत. शिक्षकांनी ही उत्तरं वहीत उतरवून घ्यावीत. दिघोरीच्या आसपासच्या जंगलाची माहिती त्यातून जमेल आणि ती कोणत्याही मालिकेपेक्षा टिकाऊ असेल.

मुलांनो, मालिका पाहा. किचीवर हसा, शेरखानला घाबरा, बूमरँग करून बघा. मात्र बल्लूने मोगलीला आधी कायदा शिकवला आणि मगच त्याला रानात मोकळं सोडलं, हे विसरू नका. तुमच्यासाठी तो कायदा असा आहे: पहाटे आणि तिन्हीसांजेला रानाकडे एकट्याने जायचं नाही. जायचंच तर चौघांनी, मोठ्याने बोलत जायचं. वाकून बसायचं नाही. पिल्लू दिसलं तर हात लावायचा नाही, कारण आई जवळच असते. आणि पाऊलखूण ताजी दिसली तर मागे फिरून आधी मोठ्या माणसांना सांगायचं. एवढं पाळलं तर वैनगंगेचं हे रान तुमचंही आहे आणि त्यांचंही.